वारबुर्ग की पानोफ्स्की: आधी कोणाला वाचायला घ्यावं?

रेनेसाँ काय, बोत्तिचेल्ली कोण, ड्यूरर कोण हे साधारण माहीत झालंय आणि आता नुसती रंगीत चित्रांची पुस्तकं पुरत नाहीत, चित्राच्या अर्थावर आयुष्य घालवलेल्या माणसाला नीट वाचायचंय, अशा टप्प्यावर आलेल्या प्रत्येकाला दोन जर्मन नावं सुचवली जातात, आबी वारबुर्ग आणि एर्विन पानोफ्स्की. दोघंही ज्यू कुटुंबातले, दोघांचंही महत्त्वाचं काम हॅम्बुर्गमधलं, आणि नावं कायम एका दमात घेतली जातात म्हणून वाटतं की कोणालाही आधी घेतलं तरी काय फरक पडतो. तर पडतो, भरपूर पडतो. मी दोघांनाही गेली बरीच वर्षं आलटून पालटून वाचतोय आणि ज्याला आधी घ्याल त्याच्या सवयी तुमच्या डोळ्यांना लागतात असं माझं मत झालंय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी आयुष्याबद्दल थोडंसं, कारण लिखाणाचा पोत तिथूनच आलाय. वारबुर्ग 1866 चा, हॅम्बुर्गच्या बड्या बँकर घराण्यातला थोरला मुलगा. घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी की तेराव्या वर्षी त्याने थोरलेपणाचा हक्क धाकट्या भावाला, माक्सला देऊन टाकला, आणि बदल्यात एकच कबूल करून घेतलं, मी मागेन ती सगळी पुस्तकं तू मला आयुष्यभर घेऊन द्यायची. माक्सने शब्द पाळला आणि त्यातून जी लायब्ररी उभी राहिली ती पुढे साठ हजार पुस्तकांच्या घरात गेली. युनिव्हर्सिटीत रीतसर नोकरी अशी या माणसाने कधी केलीच नाही, हाल्लेची प्रोफेसरशिप चालून आली तीही नाकारली. 1918 मध्ये जर्मनी युद्ध हरत असताना त्याचं मानसिक संतुलन पूर्ण ढासळलं आणि 1924 पर्यंत तो वेगवेगळ्या दवाखान्यांत होता, शेवटी स्वित्झर्लंडमध्ये क्रॉइत्सलिंगेनला लुडविग बिन्सवांगर या मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. तिथेच एप्रिल 1923 मध्ये डॉक्टर आणि इतर पेशंटसमोर त्याने अमेरिकेतल्या होपी लोकांच्या सर्पविधीवर भाषण दिलं, जवळजवळ सत्तावीस वर्षांपूर्वी केलेल्या प्रवासाच्या आठवणींवरून. 1924 मध्ये घरी आला, पाच वर्षं झपाटल्यासारखं काम केलं आणि 1929 च्या ऑक्टोबरमध्ये गेला.

पानोफ्स्की 1892 चा, जन्म हॅनोव्हरचा, वाढला बर्लिनमध्ये. ड्यूररच्या कलासिद्धान्तावर 1914 मध्ये डॉक्टरेट, मग हॅम्बुर्गच्या नव्याकोऱ्या युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला, 1926 पासून प्रोफेसर. 1933 मध्ये तो न्यूयॉर्कला शिकवायला गेलेला असताना ज्यू म्हणून हॅम्बुर्गमधून काढून टाकल्याची तार तिथे येऊन पोचली. 1935 पासून प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये आणि 1968 मध्ये तिथेच निधन. अमेरिकेत गेल्यावर तो इंग्रजीत लिहायला लागला आणि त्याच्या गद्याचं सोनं झालं, हे त्याने स्वतःही मान्य केलंय, की इंग्रजीत लिहायचं तर आपल्याला नक्की काय म्हणायचंय हे आधी माहीत असावं लागतं.

वाचायला सोपा कोण हा प्रश्न असेल तर विषय इथेच संपतो, पानोफ्स्की. 1939 च्या ‘स्टडीज इन आयकॉनॉलॉजी’ची (आयकॉनॉलॉजी म्हणजे चित्रामागचा अर्थ उलगडायचा अभ्यास) प्रस्तावना काढा, एका संध्याकाळी वाचून होते. रस्त्यात ओळखीचा माणूस हॅट उचलतो, इथून सुरुवात. आधी दिसतो नुसता आकार आणि हालचाल, मग कळतं की हा नमस्कार आहे, आणि मग त्यातून त्या माणसाचा काळ, त्याचा वर्ग, त्याची घडण हळूहळू उलगडते. या तीन पायऱ्या त्याने चित्रांना लावल्या. आणि लगेच उदाहरण देतो, माफ्फेई या इटालियन चित्रकाराच्या चित्रातल्या बाईच्या हातात तलवार आहे आणि तबकात कापलेलं मुंडकं आहे, तर ही ज्युडिथ का सलोमी? बायबलच्या गोष्टींत ज्युडिथ शत्रूच्या सेनापतीचं मुंडकं कापते आणि सलोमीला बाप्टिस्ट योहानाचं मुंडकं तबकात आणून देतात, म्हणजे तलवार ज्युडिथची, तबक सलोमीचं. मग तो दाखवून देतो की ज्युडिथला तबकासकट रंगवायची पद्धत जर्मनीत आणि उत्तर इटलीत होती, पण सलोमीच्या हाती तलवार द्यायची पद्धत कुठेच सापडत नाही, म्हणजे ही ज्युडिथ. इतकं स्वच्छ. कोणाला डिप्लोमाची परीक्षा द्यायची असेल, थीसिसचा मेथडॉलॉजी चॅप्टर लिहायचा असेल तर डोळे झाकून हाच घ्या, मी तरी दुसरं काही सांगणार नाही. 1943 चं ड्यूररवरचं पुस्तक तर आजही मी हातात घेतलं की तास दोन तास सहज जातात.

वारबुर्गची गोष्ट एकदम उलटी आहे. त्याचं आपण ज्याला पुस्तक म्हणतो असं जवळजवळ काही नाहीच. 1893 मध्ये छापलेला बोत्तिचेल्लीवरचा प्रबंध, काही लेख, काही भाषणं, आणि डोंगराएवढ्या नोट्स. वाक्यं अशी की क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर सुरुवात विसरायला होते, मध्येच लॅटिन, मध्येच जुनी इटालियन, आणि सगळ्यात वैतागवाणं म्हणजे तो निष्कर्ष काढतच नाही, पुरावे मांडतो, मांडतो आणि ऐन रंगात आलं की थांबतो. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे खूप त्रासदायक जातं आणि काही जण तिथेच सोडून देतात, त्यांना दोष देता येत नाही.

तरीपण. आता एकच चित्र घेऊन दोघांना शेजारी शेजारी ठेवून बघू, ड्यूररचं 1514 चं ‘मेलेनकोलिया I’. पंख असलेली बाई गालावर मूठ टेकून बसलीय, आजूबाजूला सुताराची आणि भूमितीची हत्यारं पडलीयेत, कुत्रं निपचित आहे, मागे भिंतीत सोळा घरांचा आकड्यांचा चौकोन, कुठूनही बेरीज करा 34, आणि खालच्या ओळीत मधोमध 15 आणि 14 म्हणजे ते सालच. (खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातलं चौतीसा यंत्र ज्यांनी बघितलंय त्यांना हा चौकोन लगेच ओळखीचा वाटेल.) पानोफ्स्कीने आणि वारबुर्गच्या लायब्ररीतल्या फ्रिट्झ झाक्सलने 1923 मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की शनीच्या प्रभावाखालचा उदास माणूस हा मध्ययुगात आळशी, नकोसा मानला जायचा, फ्लोरेन्सच्या फिचिनो या तत्त्वज्ञाने त्याला प्रतिभावंताचा दर्जा दिला, अग्रिप्पा या जर्मन विद्वानाने त्या प्रतिभेच्या तीन पातळ्या केल्या आणि चित्रातला रोमन एक म्हणजे त्यातली पहिली, कल्पनाशक्तीची, कलाकाराची पातळी. सगळं जागच्या जागी बसतं, एक कोपरा शिल्लक राहत नाही.

वारबुर्गने त्याआधी, ल्यूथरच्या काळातल्या भविष्यवाण्यांवरच्या लेखात याच चित्राबद्दल लिहिलं होतं, तो लेख छापून आला 1920 मध्ये, म्हणजे तो स्वतः दवाखान्यात असताना. तो त्या चौकोनाकडे बघतो आणि म्हणतो की हा गुरूचा चौकोन आहे, शनीच्या तडाख्यावरचा उतारा. साडेसाती म्हटल्यावर घरातल्या मोठ्यांच्या आवाजात काय फरक पडतो हे ज्याने ऐकलंय त्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. वारबुर्गच्या दृष्टीने ते चित्र म्हणजे भीती आणि ती भीती आवाक्यात आणायची माणसाची धडपड, आणि ड्यूररने त्या राक्षसी ग्रहाला विचार करत बसलेल्या माणसाच्या रूपात आणलं हे त्याला खूप मोठं वाटतं. आता अभ्यास म्हणून बघाल तर पानोफ्स्की-झाक्सलचं पारडं जड आहे, त्यांच्याकडे जास्त ग्रंथ आहेत, जास्त नीट पुरावा आहे. पण त्या बाईच्या चेहऱ्याकडे परत बघावंसं मला वाटतं ते वारबुर्ग वाचल्यावर. हे मोजता येणार नाही, माझ्यापुरतं सांगतोय.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझं खरं ठरलं. यान फान आइकचं आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र, 1434 चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. 1934 मध्ये पानोफ्स्कीने लेख लिहिला की हे नुसतं पोर्ट्रेट नाहीये, हा लग्नाचा दाखला आहे, भिंतीवर चित्रकाराने ‘इथे होतो’ अशी सही केलीय ती साक्षीदाराची सही. मग इथून आणि पुढे 1953 च्या नेदरलँडिश चित्रकलेवरच्या पुस्तकातून ती प्रसिद्ध यादी सुरू झाली. झुंबरात भर दिवसा जळणारी एकच मेणबत्ती म्हणजे सगळं बघणारा देव, खिडकीतली फळं म्हणजे पतनाआधीची निष्पापता, काढून ठेवलेल्या खडावा म्हणजे पवित्र भूमी, कुत्रं म्हणजे निष्ठा. खोलीतली साधी वस्तू साधी राहतच नाही, प्रत्येकीच्या पोटात अर्थ लपवलेला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही पार भारावून गेलो होतो, तेव्हा प्रत्येक चित्रात कुत्रं दिसलं की मी शेजारच्याला सांगायचो, निष्ठा.

मग कामानिमित्त लंडनला जाणं झालं आणि ते चित्र समोर आलं, वाटलं होतं त्यापेक्षा खूप लहान, जेमतेम ऐंशी सेंटीमीटर उंचीचं. समोर उभा राहिलो आणि लक्षात आलं की मी बघतच नाहीये, मी यादी तपासतोय. मेणबत्ती, टिक. फळं, टिक. खडावा, टिक. आपल्याकडे तर घरात शिरताना चपला दाराशी निघतातच, त्यात पवित्र भूमी शोधायला कोणी जात नाही, आणि तरी माझं डोकं ‘पवित्र भूमी’ म्हणत होतं. ते कुत्रं, ज्याचा एकेक केस फान आइकने वेगळा काढलाय, चित्रातलं तेच एकटं सरळ आपल्याकडे बघतंय, आणि मला ते कुत्रं म्हणून दिसेचना. शब्दकोडं सुटलं की आपण कागद बाजूला ठेवतो, तसं झालं होतं ते चित्र माझ्यासाठी. हा त्रास माझा फार दिवस गेला नाही, दुसऱ्या चित्रांसमोरही व्हायला लागला.

बरं, ते उत्तर तरी पक्कं असावं, तर तेही डळमळीत झालं. पानोफ्स्कीने ज्या जोवान्नी आर्नोल्फिनीचं लग्न म्हणून हे चित्र वाचलं त्याच्या लग्नाचा संदर्भ 1990 च्या दशकात कागदपत्रांत सापडला आणि ते निघालं 1447 मधलं, म्हणजे चित्रानंतर तेरा वर्षांनी, फान आइक वारल्यानंतर सहा वर्षांनी. आता गॅलरीही याला लग्नाचं चित्र मानत नाही, आणि माणूसही त्याच घराण्यातला दुसरा असावा असं धरलं जातं. यात पानोफ्स्कीचा अभ्यास कमी पडला असं मी म्हणणार नाही, त्याच्या वेळी तो कागद सापडलेलाच नव्हता, आणि अशा अर्थ काढण्याला मर्यादा कुठे घालायची हा प्रश्न त्याने स्वतःच उपस्थित केला होता, कॉमन सेन्स वापरा असंही लिहून ठेवलंय. पण त्याची पद्धतच अशी गुळगुळीत आहे की शंकेला बोट घालायला फट मिळत नाही, आणि ती शिकणारा विद्यार्थी कॉमन सेन्सचं वाक्य विसरतो आणि यादी लक्षात ठेवतो.

वारबुर्गकडे फटीच फटी आहेत, आणि मला आता तेच आवडतं. त्याचा फेरारा या इटालियन शहरातल्या चित्रांवरचा निबंध घ्या, मुळात 1912 मध्ये रोमला दिलेलं भाषण. फेराराच्या स्किफानोया राजवाड्यात बाराही महिन्यांची भित्तिचित्रं होती, 1470 च्या आसपासची, चुन्याखाली गाडली गेलेली, त्यातली सात एकोणिसाव्या शतकात परत मिळाली. प्रत्येक महिन्याचे तीन पट्टे, वर ग्रीक देव रथात, खाली बोर्सो देस्ते हा तिथला ड्यूक आणि त्याचा दरबार, आणि मधल्या गडद निळ्या पट्ट्यात राशीभोवती तीन विचित्र माणसं, ही कोण ते कोणाला सांगता येईना. मार्चच्या, म्हणजे मेषेच्या पट्ट्यात फाटक्या पांढऱ्या कपड्यातला एक काळा, संतापलेला माणूस, कमरेला दोर बांधलेला.

वारबुर्गने तो माणूस शोधत शोधत नवव्या शतकातल्या बगदादच्या अबू माशर या ज्योतिष्यापर्यंत नेला आणि तिथून थेट आपल्या वराहमिहिरापर्यंत. सहाव्या शतकातलं बृहज्जातक, द्रेष्काणाध्याय (द्रेष्काण म्हणजे राशीचा एक तृतीयांश भाग). मेषेचा पहिला द्रेष्काण, कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, काळा, लाल डोळ्यांचा, परशू उगारलेला पुरुष. दुसरी लाल वस्त्रातली, एका पायाची बाई, तिसऱ्याचीही जोडी लागते. ज्यांच्या घरी पत्रिकेत द्रेष्काण कुंडली मांडलेली असते त्यांनी हे वाचताना काय होतं ते अनुभवून बघा, इटलीतल्या एका ड्यूकच्या दिवाणखान्यात आपल्या पंचांगवाल्या जगातला माणूस दोर बांधून उभा आहे. आणि वारबुर्ग इथेही थांबत नाही. तो म्हणतो हा मुळात भारतीयही नाही, हा ग्रीकांचा पर्सियस, त्यांच्या पुराणांतला वीर, इजिप्त, भारत, बगदाद, स्पेन असा फिरत फिरत, प्रत्येक मुक्कामी कपडे बदलत इटलीत परत आलेला. वराहमिहिरानेही त्या दुसऱ्या द्रेष्काणाच्या श्लोकात ‘यवनोपदिष्टम्’, म्हणजे यवनांनी, ग्रीकांनी सांगितलेलं, असं म्हणून ठेवलंयच की. म्हणजे दोन्ही टोकांकडून गाठ बसते.

याच भाषणात त्याने म्हटलंय की चित्रांचा अभ्यास करणाऱ्याने सीमेवरच्या पोलिसांसारखं अडून बसू नये, प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक, सगळीकडे जावं, थोर कलाकृती आणि फालतू छापील पत्रक दोन्ही बघावं. ‘आयकॉनॉलॉजिकल’ विश्लेषण हा शब्दप्रयोगही त्याने तिथे केलाय, पानोफ्स्कीच्या त्या प्रस्तावनेच्या सत्तावीस वर्षं आधी. पानोफ्स्कीने हे ऋण कधी लपवलं नाही, वारबुर्ग गेल्यावर हॅम्बुर्गच्या पेपरात मृत्युलेख त्यानेच लिहिला, आणि त्याचं सुरुवातीचं सगळं मोठं काम त्याच लायब्ररीच्या आधारावर झालंय, 1927 मध्ये आलेला पर्स्पेक्टिव्हवरचा प्रसिद्ध निबंधसुद्धा तिथल्याच व्याख्यानमालेतला.

त्या लायब्ररीबद्दल खरं म्हणजे वेगळं लिहायला पाहिजे. पुस्तकं लेखकाच्या नावाने किंवा आकाराने न लावता शेजाराने लावलेली, म्हणजे तुम्हाला हवं ते पुस्तक काढायला गेलात की तुम्हाला खरं जे लागणार होतं ते त्याच्या शेजारी सापडावं, फलज्योतिषाच्या शेजारी खगोलशास्त्र, जादूच्या शेजारी विज्ञान. 1933 च्या डिसेंबरमध्ये झाक्सल आणि गेरट्रूड बिंग यांनी ती आख्खी लायब्ररी दोन बोटींत भरून हॅम्बुर्गहून लंडनला आणली म्हणून ती वाचली, आज वोबर्न स्क्वेअरमध्ये वारबुर्ग इन्स्टिट्यूट म्हणून उभी आहे आणि पुस्तकं अजूनही त्याच शेजाराने लावतात.

आणि शेवटच्या वर्षांतला तो अ‍ॅटलास, म्नेमोसिने. काळं कापड ताणलेले मोठे बोर्ड, शेवटच्या आवृत्तीत 63, त्यावर जवळपास हजार फोटो टाचणीने लावलेले, ग्रीक शिल्पं, रेनेसाँची चित्रं, पत्त्यांचे डाव, नकाशे, पोस्टाची तिकिटं, एका बोर्डावर तर गोल्फ खेळणारी बाई आणि जाहिराती. मजकूर जवळजवळ नाहीच. फ्लोरेन्सला सांता मारिया नोव्हेल्लामधल्या गिर्लांडाइओच्या चित्रात बाळंतिणीच्या खोलीत डोक्यावर फळांची टोपली घेऊन वाऱ्यासारखी शिरणारी एक दासी आहे, सगळ्या घट्ट उभ्या असलेल्या बायकांमध्ये तिचाच पदर फडफडतोय, वारबुर्ग आयुष्यभर तिच्या मागे होता, ही प्राचीन काळातली नाचणारी अप्सराच परत आलीय म्हणून. प्राचीन कला म्हणजे नुसती शांतता आणि भारदस्तपणा हे विंकेलमान या जर्मन कला-इतिहासकाराने 1755 पासून रूढ केलेलं चित्र त्याने त्या एका फडफडणाऱ्या वस्त्राने मोडून काढलं. मी हे वाचल्यापासून चित्रांत आधी कपड्याच्या कडा आणि केस बघतो, कुठे वारा नसताना काय हलतंय ते. पानोफ्स्कीने मला उत्तरं दिली, याने बघायची सवय दिली.

तुमचं कदाचित उलट होईल, शिस्त आवडणाऱ्या माणसाला वारबुर्ग नुसता पसारा वाटू शकतो आणि तो थोडाफार आहेच. त्याच्या तर्कांमध्येही तुटक जागा आहेत, फेरारावरच्या निबंधातल्या सगळ्याच जोड्या सगळ्यांना पटलेल्या नाहीत. कला-इतिहासकार गोंब्रिखने 1970 मध्ये लिहिलेलं त्याचं चरित्र सोबत ठेवलंत तर बरंच सुकर होतं, गोंब्रिखला वारबुर्गची फारशी भक्ती नव्हती त्यामुळे वाचणाऱ्याचे पायही जमिनीवर राहतात. आणि परीक्षा जवळ असेल तर मी वर म्हटलं तेच, पानोफ्स्की घ्या, वेळ वाया जाणार नाही.

पण परीक्षा नसेल, वर्षभराची सवड असेल, तर माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी फेरारावरचा निबंध, शेजारी बृहज्जातकाचा तो अध्याय मराठी भाषांतरासकट उघडा ठेवून, तळटीपा पहिल्या खेपेला सोडून द्या. मग बोत्तिचेल्लीवरचा प्रबंध, तो एकोणतीस-तीस वर्षांच्याही आतल्या पोराने लिहिलाय हे लक्षात ठेवून. मग सर्पविधीचं भाषण, जे बऱ्यापैकी सरळ आहे. अ‍ॅटलासचे बोर्ड इन्स्टिट्यूटच्या साइटवर बघता येतात, ते फोनवर बघू नका, मोठ्या स्क्रीनवर बघा. आणि हे सगळं झालं की मग पानोफ्स्कीची ती प्रस्तावना आणि ड्यूररवरचं पुस्तक. या क्रमाने गेलात तर त्याची यादी तुम्हाला उपयोगी पडेल आणि कुत्रंही दिसत राहील.